सम्राट रनकर्न

नऊ आकाशगंगांचा सम्राट आमच्या स्टुडिओत स्कूटरवरून यायचा. त्याची स्कूटर किकला दाद देत नसे, त्यामुळे जाताना सम्राटाला ढकलायला दोन माणसं लागायची. एक मी आणि दुसरे आमचे दिग्दर्शक. ग्रहच्या ग्रह गिळणारा हा प्राणी हेल्मेटच्या आतून ओरडायचा, "अजून थोडा, अजून थोडा, घेतंय, घेतंय!" आणि स्कूटरनं खरंच घेतलं की मागे वळून न बघता कामणच्या रस्त्याला लागायचा. धूर आमच्या वाट्याला.

स्टुडिओ म्हणजे वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा. भिंतींना आतून गाद्या ठोकलेल्या. शेजारी पत्र्याच्या डब्यांचा कारखाना होता, त्याचं यंत्र थांबलं की आमचं काम सुरू. परदेशी कार्टून मालिकांना मराठी आवाज द्यायचा, हे ते काम. संवाद मी लिहायचे. पडद्यावरचं तोंड जितकं उघडतं तितकंच मराठी त्यात बसवायचं असतं. लोकांना वाटतं हे भाषांतर आहे, पण याला शिवणकाम म्हणावं.

त्या वर्षी हाती आली ती मारामारीची मालिका. डोंगरावर राहून युद्धविद्या शिकलेला एक पोरगा, आणि त्याच्याविरुद्ध हा परग्रहावरचा जुलमी सम्राट. कारल्यासारखी कातडी, कपाळावर जास्तीचा डोळा आणि सुपाएवढे कान. त्याचं मूळ नाव उच्चारायला गेलं की शिंक आल्यासारखं वाटायचं, म्हणून मी त्याचं बारसं केलं. कान आणि युद्ध दोन्ही साधून नाव ठेवलं रणकर्ण. एका नावात दोन ण. कसं भारदस्त वाटतं, म्हणून मी स्वतःवरच खूश झाले होते. पुढे त्या दोन ण नी माझा जो पिट्ट्या पाडला तो पाडलाच.

रणकर्णाला आवाज मिळेना. मुंबईहून आलेले दोघेतिघे गुरगुरून गेले, पण एकाचंही ऐकून दचकावंसं वाटेना. अशात एका रविवारी दुपारी मी घरी जरा आडवी झाले होते आणि आमच्या सोसायटीमागच्या मैदानावर क्रिकेटचे सामने चालू होते. भोंग्यातून आवाज आला, "पापडी संघाचे सलामीवीर मैदानात येतायत! पायात बूट नवीन हायेत, खेळ तोच हाय! टाळ्या!" मी ताडकन उठून बसले. विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज. मी चपला घालून तडक मैदानावर गेले.

मंडपात माइक धरून बसलेला माणूस बघून माझी निराशाच झाली. साठीचे, काटकुळे, गळ्यात टॉवेल. मिठागरांकडच्या गावातले. आजूबाजूच्या पंचक्रोशीत सामने, लग्नं, सत्कार, जिथे माइक तिथे काका. मी म्हटलं, "काका, एक काम होतं."

त्यांनी माइकवर हात ठेवला. "लगीन कोनाचं हाय?"

"लग्न नाही हो. पृथ्वीचा विनाश आहे."

"कंच्या मैदानावर?" काका म्हणाले. "तारीक सांग बाय, आदीच सांगतो, शनिवार-रविवार नाय जमनार."

असा हा सम्राट आम्हाला लाभला. त्यांनी मला शेवटपर्यंत ‘बाय’च म्हटलं. मी काका म्हणायचे. दिग्दर्शक आधी त्यांना ‘सर’ म्हणायचे, मग एकदा काकांनी "सर बोलू नका, मना वाटतं परीक्षा हाय" असं सांगितल्यावर तेही काका म्हणायला लागले.

पहिल्याच दिवशी काका काचेच्या खोलीत गेले, हेडफोन चढवले, पडदा नीट बघितला आणि विचारलं, "मना आदी सांग, याचं चुकलं काय?"

मी म्हटलं, "काका, तो पृथ्वी गिळायला आलाय."

"भूक लागली असंल. एवढ्या लांबनं आलाय. उतरल्या उतरल्या त्या पोरट्यानं लाथ मारली. कोनी बस बोललं? कोनी च्या इचारला?"

ही त्यांची कायमची भूमिका. मालिकेत कुणीही कुणालाही मारो, काका रणकर्णाच्या बाजूनं. तो हरला की त्या दिवशी ते गप्पगप्प असायचे. एकदा नायकानं मागून वार केला, तर काकांनी संवाद सोडून माइकवरून अपील केलं आणि आमच्या ध्वनिमुद्रकाला "तिसऱ्या पंचाकडं दे" म्हणून सांगितलं. हे सगळं मुद्रित झालं होतं. दिग्दर्शकांनी ते बरेच दिवस जपून ठेवलं आणि कंटाळा आला की लावायचे.

आवाज देताना टॉवेल गळ्यातून काढून दोन्ही खांद्यांवर पसरायचा, हा दंडक. "राजा मानूस हाय, मोकळ्या खांद्यानं बोलंल का?" बोलण्याआधी नंदाखाल गावातल्या कुणा ओळखीच्या घरची सुकेळी खायचे. वाळवलेलं केळं ते, चिकट आणि गोड, त्यानं आवाजाला वजन येतं असं त्यांचं म्हणणं. आवाजाला येत असेल, माइकच्या जाळीला नक्की यायचं. ध्वनिमुद्रक रोज ओल्या फडक्यानं सम्राटाचं वजन पुसून काढायचा.

आणि ते हसणं! अशा मालिकेत खलनायक दर दोन वाक्यांनी गडगडाटी हसतो. काकांना तसं उगाच हसता यायचं नाही. "बिनकारनाचं हसाया मी काय येडा हाय?" मग प्रत्येक हसण्याआधी कुणीतरी त्यांना विनोद सांगायचा असं ठरलं. ते काम अर्थातच माझ्याकडे आलं. सांगितलेला विनोद परत चालायचा नाही. मी दूधवाल्याला, भाजीवालीला, सोसायटीच्या सेक्रेटरींना विनोद मागत हिंडायला लागले. सेक्रेटरींनी काही पाठवले, ते मी सम्राटालाही ऐकवू शकले नाही. दिग्दर्शकांनी एकदा सुचवलं की आधीचंच एखादं हसू मुद्रित आहे, तेच पुन्हा वापरू. काका एवढे दुखावले की त्यांनी टॉवेल काढून घडी घालून ठेवला. म्हणाले, "शिळं हसू लोकांना वाढू नका." पण हसले की असे हसायचे की शेजारच्या कारखान्यातून माणूस बघायला यायचा, काय झालं म्हणून.

मालिका सुरू झाली आणि रणकर्णानं वसई-विरार काबीज केली. त्याचं पालुपद मी लिहिलं होतं, "शरण ये, नाहीतर मरण घे!" पोरांच्या तोंडी ते झालं, "शरन ये, नायतर मरन घे!" गृहपाठ मागितला की शरन ये. रिक्षावाले एकमेकांना कट मारताना शरन ये. माझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी जास्तीची कढई बघून मला तेच सुनावलं. मला वाटलं, पोरं बोबडी बोलतायत. खरं तर पोरं काकांचं हुबेहूब म्हणत होती. मी मूळची साताऱ्याकडची, पण इथे राहून इतकी वर्षं झाली की काकांचा ‘न’ माझ्या कानाला खटकलाच नव्हता. दिग्दर्शकांचं बालपण इंदूरचं, त्यांना ण आणि न यांतला फरक कुणी सांगितला नव्हता. ध्वनिमुद्रक अर्नाळ्याचा. त्याच्या घरी सगळेच रनकर्न.

खटकलं ते वाहिनीच्या भाषाबाईंना. वाहिनीवर जाणारं सगळं मराठी या बाई तपासत. त्यांना आम्ही पाहिलेलं नव्हतं, फक्त फोनवरचा आवाज. इस्त्री केलेला, एकही सुरकुती नसलेला. एक दिवस त्यांनी फोन करून मला विचारलं, "तुमचा सम्राट स्वतःचं नाव काय सांगतो?"

"रणकर्ण," मी म्हटलं.

"तुम्ही म्हणालात ते. तो काय म्हणतो?"

मी मुद्रित झालेला भाग लावून ऐकला. "मी रनकर्न! या ग्रहाचं पानी माजं हाय!" धडधडीत.

"परग्रहावरचा आहे हो तो," मी म्हटलं.

"परग्रहावरचा असला तरी मराठी बोलतोय ना? मग शुद्ध बोलू दे. नाहीतर आवाज बदला. दुसरा माणूस आमच्याकडे तयार आहे, तो पहिल्यापासूनचे सगळे भाग नव्यानं करेल."

हे काकांना सांगायचं काम पुन्हा माझ्याकडेच. टपरीवर चहा घेताना सांगितलं. ते रागावले नाहीत. बशीतला चहा फुंकून प्यायले. मग म्हणाले, "शिकव. न्हानपनी मास्तरनं मारून शिकवला, नाय जमला. तू परेमानं शिकव."

मी शिकवला. जीभ मागे वळवा, टाळूला लावा, सोडा. काका मन लावून करायचे. सिग्नलला करायचे, सामन्यांच्या मध्यंतरात माइक बंद करून करायचे. एका सकाळी त्यांच्या घरून मला फोन आला. काकू होत्या. "बाय, काय करून ठेवलंस याचं? उठल्यापासनं ‘णाश्ता दे, णाश्ता दे’ करतोय. मी घाबरले, म्हटलं तोंड वाकडं झालं का काय!"

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. काका ण शिकले होते, आणि एकदा हातात आलेली वस्तू काटकसरीनं वापरायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी तो सरसकट सगळीकडे लावला. भाषाबाई फोनवरून थेट ऐकत असताना सम्राट सिंहासनावरून उठून गरजले, "माणवांणो! तुमचा विणाश अटळ आहे! हे सिंहासण माझं आहे, आणि मी येथूण जाणार णाही!"

ध्वनिमुद्रक टेबलाखाली गेला होता. काकांनी काचेतून माझ्याकडे बघून अंगठा वर केला, झाला ना एकदम पुणेरी, या अर्थानं.

बाईंनी शेवटच्या भागापर्यंतची मुदत दिली. शेवटच्या भागाला त्या स्वतः येऊन बसणार होत्या.

मग मी शिवणकामाचं खरं कसब लावायचं ठरवलं. काकांच्या संवादांत ण येऊच द्यायचा नाही! ऐकायला सोपं वाटतं. मराठीतून ण काढून बघा म्हणजे कळेल. पाणी गेलं, प्राण गेला, कारण गेलं. आणि गेलं, पण गेलं. सगळा भविष्यकाळ ‘णार’वर उभा, तो कोसळला, म्हणून सम्राट ‘मारणार’ म्हणेना, ‘मारीन’ म्हणायला लागला. ‘शरण ये’च्या जागी मी ‘पाया पड’ घातलं, तर पोरांनी नाकं मुरडली. सगळ्यात पंचाईत ‘कोण’ची. शत्रू समोर आला की सम्राटानं "कोण आहेस तू?" असं विचारायचंच असतं. तोंडाच्या उघडझापीत बसेल असं मला एकच सुचलं, "गाव कुठलं?" त्यामुळे पुढचे काही आठवडे विश्वाचा जुलमी शास्ता विजा कोसळत असताना, लाव्हा उसळत असताना, समोर येईल त्याला मोठ्या आवाजात गाव विचारत होता. काकांना हा बदल फार आवडला. "आता बोलला मानसासारखा," म्हणाले.

बाईंचे फोन थांबले. मी विजयी मुद्रेनं वावरत होते. मग एक दिवस टपरीवर काकांनी विचारलं, "बाय, हा आजकाल सोताचं नाव का घेत नाय?"

मी म्हटलं, "काका, त्यात ण आहे. दोन आहेत."

"हं." त्यांनी बशी खाली ठेवली. "माजा उभा जनम माइकवर गेला. याचा छक्का, त्याची इकेट. कोनाचा आहेर, कोनाचा मामा आला. समद्यांची नावं घेतली. माइकवर ‘मी’ बोललो ते पयल्यांदा यानं बोलवलं मना. मी रनकर्न. घरी बायको हसली, पन लय बरं वाटलं होतं." मग बशी उचलून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुजी पन नोकरी हाय."

मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी स्वतःच्या हुशारीवर खूश होते, आणि त्या हुशारीत या माणसाचा ‘मी’च कातरून गेला होता.

शेवटचा भाग आला. त्यात रणकर्ण मरतो. कान फाटलेले, तिसरा डोळा मिटलेला, राखेत पडलेला. नायक त्याला विचारतो, "तू आहेस तरी कोण?" चेहरा पडदाभर, ओठ स्पष्ट दिसतायत, आणि तिथे तो आपलं नाव सांगतो. तिथे नावच हवं होतं, दुसरं काही बसतच नव्हतं. गाव विचारून भागण्यातलं नव्हतं.

भाषाबाई आल्या. पन्नाशीच्या, कडक सुती साडी, पर्स मांडीवर सरळ धरलेली. नावात ‘न’ आला तर काका गेले आणि त्यांच्या आवाजातले सगळे भाग पुसले गेले, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काकांनाही. मी काचेच्या खोलीत जाऊन त्यांचे हेडफोन सारखे केले आणि हळूच म्हटलं, "काका, एवढं एकदा ‘ण’ म्हणा. दोनच आहेत. मग बाहेर येऊन काय बोलायचं ते बोला."

काका पडद्यावरच्या त्या फाटक्या कानांकडे बघत होते. "बाय," ते म्हणाले, "मरताना कोन जीब टाळूला लावून बसंल?"

शेजारचं यंत्र थांबलं. चित्र सुरू झालं. नायकानं प्रश्न विचारला.

"मी..." काका म्हणाले आणि थांबले. पडद्यावरचा ओठ थरथरत होता, त्याच्याबरोबर यांचा थरथरला. "मी रनकर्न." गर्जना नव्हती, आव नव्हता. कुणीतरी दारात उभं राहून आतल्या माणसांना आपली ओळख सांगावी, तसं. मूळ चित्रात यानंतर सम्राट नुसता कण्हतो. तोंड उघडं राहतं, शब्द नाहीत. मीही कागदावर काही लिहिलं नव्हतं. काकांनी त्या उघड्या तोंडात हळूच एक हाक बसवली. "आये... आये गो..."

पडदा काळा झाला. ध्वनिमुद्रकाचा हात बटणावर तसाच. मी डोळे पुसले आणि मग मला तो ‘न’ आठवला. दोन्ही न. स्वच्छ, खणखणीत, वाहिनीपर्यंत ऐकू जातील असे.

दिग्दर्शकांनी घसा साफ केला. "बाई, ते नाव... परत घ्यायचं का?"

बाईंची पर्स मांडीवरून घसरून खाली पडली होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पदर तोंडाशी धरला होता आणि खांदे गदगदत होते. मोठ्या कष्टानं त्यांनी हात हलवून नको म्हटलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "नको हात लावू त्याला." मग इस्त्रीचा कुठेही मागमूस नसलेल्या आवाजात त्या म्हणाल्या, "पानी... जरा पानी दे गो कोनी."

आम्ही सगळे जमिनीकडे बघायला लागलो. बाईंच्याही ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी पदर तोंडात घट्ट कोंबला आणि कानापर्यंत लाल झाल्या.

काका काचेच्या खोलीतून बाहेर आले. बाईंची पर्स उचलून त्यांनी खुर्चीवर नीट ठेवली.

"बसा मॅडम," ते हळू म्हणाले. "मी आणतो पाणी."

दोन्ही ण चोख होते.